नऊ मीटरचं छत

घर दाखवताना आमच्या घरमालकीणबाईंनी एकच अट घातली. पाणी किती दिवसांआड येतं, गाडी कुठे लावायची, पाहुणे आले तर किती दिवस चालतील, यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. मला जिन्यावरून थेट छतावर नेलं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेल्या काळ्या तारेकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हिच्यावर कपडे वाळत घालायचे नाय. बाकी घर तुमचंच हाय."

दुसऱ्याच आठवड्यात मी ती अट मोडली. नेहमीची दोरी भरली होती, शाळेला उशीर होत होता, म्हणून धुतलेली सुती साडी त्या तारेवर टाकली. पाचच मिनिटांत बाई खाली आमच्या दारात.

"वर काय टाकलंस?"

"साडी आहे बाई. काढते लगेच."

"साडी नाय ती, पाणी हाय. तू माझ्या तारेवर दहा हात पाणी लटकावलंस. चल वर."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण बाईंनी साडी काढू दिली नाही. एक छोटा मीटर तारेच्या केबलला जोडला, काटा कुठे सरकला ते मला दाखवलं आणि जाड वहीत लिहिलं, 'ओली सुती साडी, नऊवारी नव्हे.' मग दर दहा मिनिटांनी त्या छतावर जाऊन काटा बघत राहिल्या. साडी वाळत गेली तसा काटा मूळ जागेवर येत गेला. संध्याकाळी मी शाळेतून आले तर घडी घातलेली साडी माझ्या हातात देत म्हणाल्या, "दीड तासात वाळली. नोंद झाली. आता परत टाकू नको."

पडेगावात आम्ही सहा वर्षं त्यांच्या घरात खालच्या मजल्यावर राहिलो. बाई वर राहायच्या. मूळच्या करमाडच्या, शेतकरी घरातल्या. भावांनी शेती केली, त्यांनी शहरात येऊन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली. पूर्वी लांबगावी फोन लावायचा तर मध्ये ऑपरेटर असायची, ती खुंटी या भोकातून काढून त्या भोकात घालायची. बाई त्यांतल्या एक. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वीस बाय तीसच्या प्लॉटवर हे घर बांधलं आणि सरकारची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. म्हणजे घरात स्वतःचं यंत्र ठेवून, कुठल्याही कंपनीच्या टॉवरशिवाय, जगात कुणाशीही बोलायची मुभा. हवी फक्त तार. पण त्या तारेनंच खरा पेच घातला.

तो पेच त्यांनी मला भूमितीची शिक्षिका म्हणून मोठ्या मानानं समजावून सांगितला होता. चाळीस मीटरच्या लाटेवर बोलायचं तर वीस मीटर तार सरळ ताणावी लागते. छत नऊ मीटर. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब. माणूस इथे हात टेकून गप्प बसला असता. बाई म्हणायच्या, "लांबी कमी करता येत नाय. पण लपवता येती."

त्या लांबी लपवायच्या. तार मध्येच कापून पीव्हीसीच्या पाइपावर गुंडाळायच्या आणि पुढे तशीच न्यायच्या. टोकं कठड्यावरून खाली वाकवायच्या. काही गुंडाळ्या तर अशा की एकाच तारेत दोन तारा राहायच्या. त्यातली एक गुंडाळी मला दाखवून म्हणाल्या होत्या, "हे फाटक हाय. वीस मीटरची लाट आली की बंद, मग तार आखूड. चाळीसची आली की उघडं, मग तार लांब. तार एकच, पण येणाऱ्याला वाटतं आपल्याच मापाची हाय." मी इतकी वर्षं मुलांना वर्तुळाचा परीघ शिकवत होते. तो परीघ असा कुणाच्या तरी छतावर बसून ब्राझीलपर्यंत बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं.

चांगली चाललेली अँटेना त्या महिन्याभरात सोडवून टाकायच्या. मी विचारलं, "का बाई? चालली होती की." तर म्हणाल्या, "चालली म्हंजी शिकायचं संपलं." छत्रीच्या काड्या, पडद्याचे दांडे, मुलींचं कमरेभोवती फिरवायचं प्लास्टिकचं कडं, सगळ्यांना त्यांच्या छतावर एकदा तरी उभं राहायला मिळालं. एकदा त्यांनी दोन अँटेना जवळजवळ लावल्या, तर दोन्ही रुसल्या. तेव्हा बाई मला म्हणाल्या, "लग्न नाय केलं, तरी एका चुलीवरच्या दोन जावांची भांडणं सोडवणं काय चुकलं नाय बघ."

सामान जुन्या बाजारातून यायचं. एका रविवारी मी सोबत गेले. भंगाराच्या दुकानातले चाचा त्यांना लांबूनच बघून उभे राहिले.

"अम्मा, इस बार क्या उडाने का है?"

"उडवायचं नाय हो चाचा. बोलायचंय."

"किससे?"

"जो ऐकंल त्याच्याशी."

चाचांनी तांब्याच्या तारेचं भेंडोळं पुढे केलं. बाईंनी ते मोजलं नाही, तोललं नाही. दोन्ही हात पसरून तार छातीवरून चार वेळा ओढली आणि किती मीटर ते सांगितलं. चाचांनी फीत लावली. बोटभरही फरक नव्हता. चाचा मला म्हणाले, "ये औरत नहीं, गज है."

त्यांच्या तऱ्हांची पडेगावात चर्चा असायची. शेजारच्या बायका त्यांना रॉकेटवाल्या बाई म्हणत. मागून हाक मारली तर बाई ओ देत नसत, त्यामुळे गर्विष्ठ म्हणूनही नाव झालं होतं. बोलायचं तर समोर उभं राहून, उजेडात, असा त्यांचा नियम. रेडिओवरही तोंडानं बोलत नसत. सगळा व्यवहार टिंब आणि रेघांचा, म्हणजे मोर्सचा. यंत्रासमोर बसल्या की डावा तळहात स्पीकरच्या जाळीवर आडवा ठेवायच्या, उजव्या हातानं कळ दाबायच्या. स्पीकरमधून जाड, खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज यायचा. मला वाटायचं, कुणी बोलताना हनुवटीला हात लावतं, तशीच ही एक सवय.

रोज सकाळी सात वाजता पिशोरच्या एका निवृत्त मास्तरांशी त्यांचं बोलणं असायचं. मास्तर मोर्स बाईंकडूनच शिकले होते, तेही हवेतून. त्यांच्या घराच्या माळवदावर मावेल अशी आखूड तार बाईंनीच इथे बनवून, एका डब्यात भरून, ओळखीच्या माणसाबरोबर धाडली होती. पण अकरा वर्षांत दोघं एकदाही भेटले नव्हते. मी म्हटलं, "पिशोर काय लांब आहे का बाई? एखाद्या दिवशी जाऊन या की." त्यांना माझं बोलणंच कळलं नाही. "रोज तर भेटतो," म्हणाल्या.

मग तो भाद्रपदातला दिवस.

गणपती उठून चार दिवस झाले होते. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबला नव्हता. माझा नवरा संतोष बियाण्यांच्या कामासाठी कन्नड तालुक्यात गेला होता. सकाळी अकराला त्याचा फोन आला, "पिशोरहून बसनं निघालोय." त्यानंतर त्याचा फोन लागेना. बाराच्या पुढे त्या भागातला कुणाचाच फोन लागेना. दोन वाजता मोबाइलवर एक चित्रफीत फिरायला लागली. पुलावरून पाणी चाललंय, त्यात एक बस आडवी होऊन वाहून जातेय. खाली लिहिलेलं, 'पिशोरजवळची घटना.' ती फीत दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यातली आणि जुनी होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या वेळी मी ती सात वेळा बघितली.

मी जिना चढून वर गेले. बाई छतावर, भर पावसात. वाऱ्यानं बांबू मोडून तार तुटून लोंबत होती. मी समोर जाऊन मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी फीत एकदा बघितली, माझ्याकडे बघितलं.

"संतोष त्याच्यात हाय?"

मी मान हलवली.

"किती वाजले?"

"सव्वातीन."

"मास्तराचं आन् माझं ठरल्यालं हाय. अडचण आली की तासाच्या ठोक्याला हाक मारायची. तीनची हाक हुकली. चारच्या आत तार उभी करायची. तुझ्याकडं ती गणपतीच्या माळेची दुहेरी वायर हाय ना? आन. आन् चटणीच्या दोन बरण्या, रिकाम्या."

मी वायर आणि बरण्या घेऊन वर येताना एक बरणी हातातून सुटून पायरीवर पडली. प्लास्टिकची होती, फुटली नाही. मी तिथेच बसले आणि रडायला लागले. बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"रडायचं मागून. बरणी साडेआठ सेंटिमीटर हाय. चार मीटर तार गुंडाळायची तर वेढे किती?"

"बाई, मला नाही सुचत."

"परीघ सांग. रोज शिकवतीस."

मी डोळे पुसले. साडेआठ गुणिले बावीस भागिले सात. सव्वीस, सत्तावीसच्या मध्ये. "पंधरा," मी म्हटलं. "पंधरा वेढे."

"घाल."

त्या वायर मधून फाडत होत्या, एकाच्या दोन तारा करत होत्या. मी एकेका बरणीवर मोजून पंधरा वेढे घातले. वेढे मोजताना दुसरं काही मनात येऊ शकत नाही. हे त्यांना माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही. तार त्यांनी छतावर नेलीच नाही. खोलीतच, खिडकीच्या गजापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत तिरकी बांधली, दोन्ही बरण्या मध्ये लोंबकळत. मी म्हटलं, "इतक्या खाली चालेल?" म्हणाल्या, "जवळच्यासाठी खालीच बरी. लाट सरळ वर जाती आन् पावसावाणी पिशोरवर पडती." मीटर लावला. काटा जागेवर नव्हता. "दोन बोटं काप." मी कापली. "अजून एक बोट." काटा बसला. चारला चार मिनिटं कमी होती. लाइट गेलेलीच होती. बाईंनी खाटेखालची बॅटरी ओढून जोडली.

चार वाजले. खरखर. मग त्या खरखरीच्या तळाशी, फार बारीक, टिंबं आणि रेघा. बाईंचा डावा तळहात जाळीवर, डोळे मिटलेले, उजव्या हातात पेन्सिल. मी मागून त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

'बस सुखरूप. गावात परत आणली. लोक शाळेत. टॉवर बंद. नावे घ्या.'

आणि एकेक नाव उमटायला लागलं. नावापुढे त्यांच्या घरच्या फोनचे दहा आकडे. मी "संतोष विचारा, बाई! संतोष आहे का विचारा!" असं ओरडले. त्या हलल्या नाहीत. मी अजून मोठ्यानं ओरडले. तेवढ्यात खिडकीबाहेर, अगदी जवळ, वीज पडली. काचा थरथरल्या, मी किंचाळून कान झाकले. बाईंच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. पेन्सिल चालूच होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्या मागे उभी होते. मागून मारलेली कुठलीच हाक त्यांना कधी पोचली नव्हती. बाईंना ऐकू येत नव्हतं. आमचे ओठ बघून त्या आमच्याशी बोलत होत्या, आणि जगाचं बोलणं त्या तळहातानं घेत होत्या. त्या खरखरीतून, जिच्यात माझ्या धडधाकट कानांना टिंब कुठलं आणि वीज कुठली ते कळत नव्हतं, त्यातून त्या एकही आकडा न चुकता नावं उतरवत होत्या. मी ओरडायची थांबले आणि बाजूला येऊन उभी राहिले.

तेवीस नावं आली. संतोषचं नव्हतं.

बाईंनी यादी खालपासून वरपर्यंत एकदा बोट फिरवून बघितली. मग कळ दाबून त्याचं नाव पाठवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'शाळेत नाही. शोधतो. सहाला.' मास्तरांची बॅटरी उतरत चालली होती, त्यामुळे मध्ये बोलणं नाही. पाच वाजून गेले होते. एक तास.

बाईंनी यादी माझ्या हातात दिली. "तुझा फोन चालतोय ना? लाव एकेकाला."

"मी?"

"मला कोण काय बोलतंय ते फोनवर दिसंल का?" पहिल्यांदाच त्या असं उघड बोलल्या. "त्यांनी बी ती फीत बघितली असंल. लाव."

मी लावले. तेवीस घरं. "तुमचे दादा सुखरूप आहेत, पिशोरच्या शाळेत आहेत." "तुमच्या आई ठीक आहेत." कुणी रडायचं, कुणी मला तीन-तीनदा विचारायचं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, तू कोण बोलायलीस? तुझं बी कुणी हाय का त्या गाडीत?" मी "नाही" म्हटलं आणि पुढचा नंबर लावला. बाई समोर बसून माझे ओठ बघत होत्या. ते "नाही" त्यांनी वाचलं असणार. त्यांनी फक्त पुढच्या नावावर बोट ठेवलं.

सहाला आठ-दहा मिनिटं उरली असताना शेवटचा फोन झाला. सहाला तळहात जाळीवर गेला. आता मीही हात ठेवला, त्यांच्या हाताशेजारी. जाळी गुदगुल्या केल्यासारखी थरथरली. बाईंनी लिहिलं, 'संतोष मिळाला.' पुढे, 'पुलाच्या तोंडाशी लाल कापड घेऊन ड्रायव्हरबरोबर गाड्या अडवत उभा होता. आता शाळेत. बायकोला सांगा.' मग जरा थांबून, 'डबा खाल्ला.'

सकाळी मी त्याला बजावलं होतं, डबा परत आणलास तर बघ. हे संतोषशिवाय दुसरं कुणी मास्तरांना सांगणं शक्यच नव्हतं. मी बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले तेव्हा त्यांनी रडू दिलं.

संतोष तिसऱ्या दिवशी आला. ज्यांना मी फोन केले होते त्यांपैकी काही लोक नारळ घेऊन आले, एका मंडळानं सत्कार ठरवला. बाईंनी दाराला आतून कडी घातली. मला म्हणाल्या, "बहिरी हाय हे कुणाला सांगू नको. कळलं की लोक ओरडून बोलत्यात. ओरडताना ओठ वाकडे होत्यात, मग मला काहीच कळत नाय." ऐकू येणं नोकरीच्या शेवटच्या वर्षांतच जायला लागलं होतं. पार गेलं तेव्हा त्यांनी मोर्स शिकायला घेतला. दुसऱ्या कुणी रेडिओ विकून टाकला असता. त्यांनी तोवर घेतलाही नव्हता.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. आम्ही त्याआधीच स्वतःच्या घरात राहायला गेलो होतो. त्यांच्या कितीतरी गोष्टी मनात येतात, पण त्यांत सगळ्यात जास्त आठवते ती पुरानंतरच्या दिवाळीतली एक दुपार.

पिशोरचे मास्तर न कळवता आले. सायकलला बांधतात तशी मक्याच्या कणसांची पिशवी हातात. ताठ, उंच माणूस, आणि ओठ पूर्ण झाकून टाकणाऱ्या पांढऱ्याशुभ्र मिशा. फाटकाशी उभे राहून त्यांनी दारातल्या बाईंकडे बघितलं आणि बघतच राहिले. बाईंची उंची जेमतेम पावणेपाच फूट.

मी चहा केला. दोघं समोरासमोर बसले. मास्तरांनी काहीतरी विचारलं. मिशा हलल्या, ओठ दिसले नाहीत. बाई म्हणाल्या, "व्हय, तीन वर्षं झाली." मास्तरांनी विचारलं होतं, गुडघे कसे आहेत. त्यांनी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा भलतंच उत्तर दिलं. त्यांचे कान लाल झाले होते. वादळात न हललेली ती बाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली होती. मला शपथ होती, मी खाली बघत राहिले.

मास्तरांनी कप खाली ठेवला. खुर्ची पुढे ओढली. काही न विचारता बाईंचा डावा हात घेतला, तळवा वर केला आणि त्यावर एका बोटानं सावकाश टिंबं-रेघा द्यायला लागले.

पहिल्या शब्दाला बाईंचे डोळे मिटले. मग चेहरा सैल होत गेला. आणि शेवटी त्या हसल्या, इतक्या की त्यांना खोकला आला. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "काय म्हणाले, बाई?"

"म्हणतोय, तुमच्या सिग्नलवरून वाटायचं, बाई ताडमाड असतील."

मग त्यांनी मास्तरांचा हात स्वतःकडे ओढला आणि उत्तर दिलं. ते काय होतं हे मला दोघांनीही सांगितलं नाही. मास्तरांच्या मिशा मात्र बराच वेळ हलत होत्या.